उद्याचा खेळाडू आणि आजचा प्रेक्षक

२०२५ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावी तीन दिवसांचा एक सोहळा झाला. गावाची लोकवस्ती सुमारे १ लाख ७ हजार; परंतु तीन दिवसांच्या उपस्थितीची बेरीज ६ लाखांच्या घरात गेली. या तीन दिवसांत तेथे एकही सामना खेळला गेला नाही. व्यासपीठावरून नावे तेवढी पुकारली गेली. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी कोणी कोणत्या व्यावसायिक संघाकडून खेळावयाचे, याची ती वार्षिक वाटणी होती. अमेरिकी फुटबॉलच्या जगात या वाटणीला ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात.

अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन अथवा फेकून यार्डायार्डाने प्रतिपक्षाच्या मुलखात शिरण्याचा तो खेळ आहे, आणि त्याच्याशी आपला परिचय बेताचाच. तरीही ग्रीन बेच्या शौकिनाने आपल्या संघाच्या निवडधोरणावर गेली काही वर्षे जो वाद मांडला आहे, तो समजून घेण्याजोगा आहे. कारण तो वाद वस्तुतः चेंडूविषयी नाहीच. उद्याच्या लाभासाठी आजच्या माणसाने किती झीज सोसावी, ती किती सोसावी हे कोणी ठरवावे, आणि झीज सोसणाऱ्याला त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे की नाही, हे त्या वादाच्या मुळाशी असलेले प्रश्न आहेत. अर्थशास्त्राला हे प्रश्न जुनेच आहेत. क्रीडांगणावर ते अधिक उघडेवाघडे दिसतात, इतकेच.

शेवटच्याला पहिला मान

ड्राफ्टची कल्पना बर्ट बेल या संघमालकाची. त्याचा फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ १९३०च्या दशकात गुणतक्त्याच्या तळाशी रखडत होता. महाविद्यालयांतून बाहेर पडणारा प्रत्येक गुणी खेळाडू जो अधिक पैसे देईल व ज्याचे नाव मोठे असेल त्या संघाकडे जाई. त्यामुळे बलवान संघ अधिक बलवान आणि दुबळे संघ अधिक दुबळे होत चालले होते. प्रेक्षकाला निकाल आधीच ठाऊक असेल, तर तो तिकीट काढून मैदानावर येणार नाही, आणि मग बलवान संघाचाही धंदा बसेल, हे बेलने ओळखले. १९३५ साली त्याने सुचविले की, नव्या खेळाडूंची निवड सर्व संघांनी पाळीपाळीने करावी आणि त्यात पहिला मान सर्वांत मागे पडलेल्या संघाला द्यावा. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला. त्यात ईगल्सने सर्वप्रथम पुकारलेला जे बरवँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. या पद्धतीचा पहिलाच अंदाज असा चुकावा, हा योगायोग पुढील इतिहासाची जणू नांदी ठरला.

आज नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि एकूण अडीचशेच्या आसपास तरुणांची निवड होते. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन तिच्या बदल्यात त्याची एखादी पाळी, वा पुढील वर्षाची पाळी घेण्याची मुभा असते. म्हणजे निवडीचा हक्क हे एक प्रकारचे चलनच झाले आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक दरतक्ता प्रचारात आला. त्यात पहिल्या पाळीला ३,००० गुण, तर बत्तिसाव्या पाळीला ५९० गुण होते. ज्याचे मोल पुढे दहा वर्षांनी कळावयाचे, त्याचा भाव आज ठरविण्याचा हा व्यापार होय. आपल्याकडे २००८ पासून इंडियन प्रीमिअर लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. तेथे पैसा खेळाडूला ओढून नेतो. ड्राफ्टमध्ये पाळी नेते. दोन्हींत खेळाडूला आपला धनी स्वतः निवडता येत नाही, हे मात्र समान आहे.

कागदावरचा मालक

या ३२ संघांमध्ये ग्रीन बे पॅकर्स हा संघ अगदी वेगळ्या घडणीचा आहे. तो १९१९ साली स्थापन झाला आणि १९२१ पासून लीगमध्ये आहे. पैशाच्या अडचणीमुळे मोडकळीस आलेल्या या संघाला गावकऱ्यांनी १९२३ साली पाच-पाच डॉलरचे भाग घेऊन उभे केले. पुढे १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ अशा वेळोवेळी भागविक्री झाली. शेवटच्या विक्रीत एका भागाची किंमत ३०० डॉलर होती. आज संघाचे सुमारे ५ लाख ३८ हजार भागधारक आहेत. इतर संघांचे मालक धनाढ्य व्यक्ती वा कुटुंबे आहेत. येथे मालक म्हणजे शिक्षक, कारकून, दुकानदार, शेतकरी आणि त्यांची मुलेबाळे. आजच्या नियमांनुसार लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघाला अशी मालकी स्वीकारता येत नाही.

तथापि ही मालकी विचित्र आहे. या भागावर लाभांश मिळत नाही. त्याची किंमत वाढत नाही. तो बाजारात विकता येत नाही. फार तर घरातील माणसाच्या नावे करता येतो. भागधारकाला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असते आणि वार्षिक सभेला बसता येते. परंतु कोणता खेळाडू घ्यावा, कोणाला सोडावे, याविषयी त्याचे मत कोणी विचारीत नाही. तो सर्वाधिकार महाव्यवस्थापकाच्या हाती असतो. थोडक्यात, ज्याला सहकारी संस्थेच्या सभासदत्वाची सवय आहे अशा मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचाही वाटेल आणि अनोळखीही. नाव सभासदाचे आहे, पण कारभाराची चावी दुसऱ्याकडे आहे.

मग हा माणूस ३०० डॉलर कशासाठी देतो? अर्थशास्त्रातील हिशेबी मनुष्य असा कागद कधीच विकत घेणार नाही. ग्रीन बेचा शौकीन तो घेतो, चौकटीत बसवितो आणि भिंतीवर लावतो. तो परताव्यासाठी नव्हे, तर आपलेपणासाठी पैसे देतो. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सरकत राहतात. म्हणूनच निवडीच्या दिवशी त्याचा संताप वा आनंद हा गिऱ्हाइकाचा नसतो, घरच्या माणसाचा असतो. घरच्या माणसाला डावलल्याचे दुःख गिऱ्हाइकाच्या दुःखाहून निराळे असते.

२०२०ची सव्विसावी निवड

या दुःखाला २०२०च्या एप्रिलमध्ये वाचा फुटली. त्याआधीच्या हंगामात पॅकर्सनी १६ पैकी १३ सामने जिंकले होते आणि सुपर बोल या अंतिम सामन्यापासून संघ एका विजयाच्या अंतरावर थांबला होता. सगळा डाव ज्याच्या हातून चालतो त्या क्वार्टरबॅकच्या जागी अॅरन रॉजर्स होता. त्या डिसेंबरात तो ३७ वर्षांचा होणार होता. म्हणजे कर्तबगारी अद्याप टिकून, पण सूर्य कलू लागलेला. त्याने फेकलेला चेंडू झेलणारा एखादा उत्तम रिसीव्हर मिळाला की काम फत्ते, असे गावातील बहुतेकांचे मत होते. २००२ नंतर संघाने पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर निवडलेला नव्हता, आणि त्या वर्षी रिसीव्हरांचे पीक उदंड होते.

महाव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी मात्र निराळेच केले. चौथ्या फेरीतील एक निवड देऊन त्यांनी तिसाव्या क्रमांकावरून सव्विसाव्या क्रमांकावर उडी घेतली, आणि तेथे जॉर्डन लव्ह नावाचा क्वार्टरबॅक निवडला. घरात कर्ता पुरुष असताना वारसाची नेमणूक झाली. लव्ह त्या संपूर्ण हंगामात एकाही सामन्यासाठी मैदानावर उतरला नाही. डिवचल्या गेलेल्या रॉजर्सने त्या वर्षी व पुढल्याही वर्षी लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळविला. परंतु अजिंक्यपद दोन्ही वर्षी हुकले, आणि दोन्ही वेळा घरच्या मैदानावर. जानेवारी २०२१ मध्ये टॅम्पा बेने ३१-२६ असे, तर जानेवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने १३-१० असे हरविले.

शौकिनाचा युक्तिवाद येथे नुसता भावनेचा राहत नाही, तो हिशेबाचाही होतो. २०११च्या करारापासून नवोदितांच्या वेतनाला मर्यादा आहे. २०१० साली पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढल्याच वर्षी त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार २ कोटी २० लाखांचा झाला. एकूण वेतनावर प्रत्येक संघाला मर्यादा असल्यामुळे स्वस्तातला उत्तम नवोदित हाच खरा नफा होय. असे असताना लव्हची पहिली तीन स्वस्त वर्षे बाकावर गेली, आणि तो कर्ता झाल्यावर २०२४ साली त्याच्याशी चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरची वाढीव मुदत करावी लागली. बियाणे स्वस्तात आणले, ते कणगीत ठेवले आणि पेरणीच्या वेळी बाजारभावाने पुन्हा विकत घेतले, असा हा व्यवहार झाला. महाव्यवस्थापकांच्या चाहत्यांना या आक्षेपाचे उत्तर देणे सोपे नाही.

त्याला भर घालणारा आणखी एक मुद्दा आहे. १९९२ पासून २०२२ पर्यंत पॅकर्सकडे आधी ब्रेट फार्व्ह आणि नंतर रॉजर्स असे दोन असामान्य क्वार्टरबॅक लागोपाठ होते. या एकतीस हंगामांत सुपर बोल जिंकता आले ते दोनच, १९९६च्या व २०१०च्या हंगामांत. ‘पुढची सोय’ पाहण्याची वृत्ती जरा कमी असती, तर ही संख्या वाढली नसती काय, असे शौकीन विचारतो. त्याला मूर्खात काढणे योग्य होणार नाही.

अंदाजाची मर्यादा

परंतु प्रश्न योग्य असला, तरी त्याचे उत्तर शौकिनाला वाटते तितके सरळ नाही. ‘रिसीव्हर घेतला असता तर’ या वाक्यातील रिसीव्हर कोणता? त्या वर्षी पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर निवडले गेले. एकविसाव्या क्रमांकावर ईगल्सने जेलन रेगरला घेतले. लगेच बाविसाव्या क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला. जेफरसन २०२२च्या हंगामात लीगमधील सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. रेगरची त्याच वर्षी ईगल्समधून पाठवणी झाली. दोघांचे खेळ पाहणारे, मोजणारे, चित्रफिती तपासणारे तज्ज्ञ होते. तरीही दोन लागोपाठच्या निवडींत हे अंतर पडले. पॅकर्सची पाळी येईपर्यंत सहाही जण गेलेले होते. सातवा कसा निघाला असता, हे त्या रात्री कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

ग्रीन बेच्या शौकिनाला हे नव्याने सांगावयास नको. १९८९ साली त्याच्या संघाला दुसरा क्रमांक मिळाला होता. तेव्हा टोनी मँडरिच या धिप्पाड खेळाडूचे नाव सर्वतोमुखी होते, आणि संघाने त्यालाच घेतले. तीन हंगामांत त्याची तेथील कारकीर्द आटोपली. त्याच्या आधीचा ट्रॉय एकमन आणि त्याच्या मागोमाग निवडलेले बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस व डिऑन सँडर्स हे चौघेही पुढे खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. पहिल्या पाचांतील चार अमर झाले, आणि पाचवा ग्रीन बेच्या वाट्याला आला. उलटपक्षी, पॅकर्सना पाच अजिंक्यपदे मिळवून देणारा बार्ट स्टार १९५६ साली सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर निवडला गेला होता. सात सुपर बोल जिंकणारा टॉम ब्रेडी २००० साली १९९व्या क्रमांकावर. कर्ट वॉर्नरला तर कोणीच निवडले नाही; १९९४ साली पॅकर्सनी त्याला सरावशिबिरात पाहून परत पाठविले, आणि तो पुढे सेंट लुइसच्या संघाला अजिंक्यपद देऊन गेला.

या अनुभवाला शास्त्रीय आधारही मिळाला आहे. केड मॅसी आणि पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टच्या निकालांचा अभ्यास करून २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून किंचितच अधिक असते, असे त्यांना आढळले. म्हणजे नाणे उडविण्याहून फार वेगळे नाही! तरीही संघ वरच्या पाळीसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात, कारण प्रत्येकाला आपल्या पारखीवर विश्वास असतो. यावरून निघणारे धोरण साधे आहे. पारख अनिश्चित असेल, तर एका नगावर सर्वस्व लावू नये. पाळ्या अधिक जमवाव्यात आणि अधिक माणसे पारखून पाहावीत. खेळाडू कोण असावा हे सांगण्यापेक्षा हे धोरण मागणे शौकिनाला अधिक शोभेल आणि त्याच्या अधिक हिताचे ठरेल.

संयम हे कोणाचे भांडवल?

त्याच निबंधातील दुसरा निष्कर्ष या वादाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. या वर्षी एक पाळी मिळावी म्हणून संघ पुढील वर्षीची वरच्या फेरीतील पाळी देऊन टाकतात. या सौद्यांतून निघणारा व्याजदर वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक भरतो. इतके व्याज खेड्यातील सावकारही लावायला धजला नसता. अधीरतेचा आरोप नेहमी प्रेक्षकावर होतो. प्रत्यक्षात अधीर असतात ते व्यवस्थापक. दोन-तीन हंगाम वाईट गेले की त्यांची नोकरी जाते. पुढील वर्षाची पाळी वाचवून ठेवावी, तर तिचे फळ खाणारा दुसराच कोणी असावयाचा. खर्च आपल्या नावे आणि जमा दुसऱ्याच्या नावे, असा संयम पगारी माणूस का दाखवील?

ग्रीन बेची घडण येथे उपयोगी पडते. तेथे लहरी मालक नाही. एका पराभवाने चिडून व्यवस्थापकाला हाकलून देणारा कोणी नाही. भागधारकाला लाभांश नको असतो. संघ गावात राहावा, पुढल्या पिढीलाही तो मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. म्हणूनच २००५ साली फार्व्ह असताना चोविसाव्या क्रमांकावर रॉजर्सला घेऊन तीन वर्षे बसवून ठेवणे तेथे शक्य झाले, आणि २०२० साली त्याचीच पुनरावृत्ती करता आली. रॉजर्स २०२३ साली न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, तेव्हा संघ निराधार झाला नाही. लव्हने पहिल्याच पूर्ण हंगामात बाद फेरी गाठली आणि डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असे नमविले. त्याच २०२०च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सनेही आपला क्वार्टरबॅक कायम असताना त्रेपन्नाव्या क्रमांकावर जेलन हर्ट्‌सला घेतले होते. त्याच हर्ट्‌सने २०२५च्या फेब्रुवारीत त्यांना सुपर बोल जिंकून दिला.

एवंच, व्यवस्थापकांनी दाखविलेला संयम निष्फळ नव्हता. पण तो संयम त्यांचा स्वतःचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. तो शौकिनाचा होता. पाऊणशे वयाचा जो गृहस्थ बर्फात बसून सामने पाहतो, त्याच्यापाशी हंगाम मोजकेच उरलेले असतात. रॉजर्सच्या उतरत्या वर्षांतील एक संधी त्याच्यासाठी कायमची गेली. ती लव्हच्या भरभराटीने भरून येईलच असे नाही. संस्था शंभर वर्षांचा विचार करू शकते, माणूस करू शकत नाही. ज्याच्या आयुष्यातून ही बचत कापली जाते, त्याला निदान ती कशासाठी कापली, किती कापली आणि तिचे पुढे काय झाले, हे कळले पाहिजे. अर्थात प्रत्येक निवडीसाठी मतदान घ्यावे असा याचा अर्थ नव्हे. साडेपाच लाख मालकांच्या मताने सातवी फेरीही पुरी व्हावयाची नाही!

शौकिनानेही आपल्या हिशेबात प्रामाणिक राहावयास हवे. टॅम्पा बेविरुद्ध आठ गुणांनी मागे असताना, सामना संपायला दोन मिनिटांहून थोडाच अधिक अवधी उरला असता, तीन गुणांची किक मारण्याचा निर्णय प्रशिक्षकांचा होता. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अखेरच्या सत्रात अडविली गेलेली किक संघाला भोवली. या दोन्ही गोष्टी सव्विसाव्या निवडीने घडविल्या नव्हत्या. पराभवाचे सारे खापर ड्राफ्टवर फोडणे सोयीचे असते, कारण न निवडलेला खेळाडू कधीच चुकत नाही.

ज्याचे नाव पुकारले जाते तो

या वादात शौकीन बोलतो, महाव्यवस्थापक बोलतात, वृत्तपत्रे बोलतात. एकवीस-बावीस वर्षांच्या ज्या तरुणाची वाटणी होते, त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वकील वा अभियंता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दहा ठिकाणी अर्ज करतो आणि चांगल्या वेतनाची जागा पत्करतो. या तरुणाला तो अधिकार नाही. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच त्याने करार करावयाचा. संघासंघांत समता यावी म्हणून खेळाडूने आपले स्वातंत्र्य द्यावयाचे, असा हा सौदा आहे. त्यात मालकांचा खर्च वाचतो, हेही ओघाने आलेच.

जेम्स स्मिथ या खेळाडूने ही गोष्ट न्यायालयात नेली. वॉशिंग्टनच्या संघाने त्याला १९६८ साली पहिल्या फेरीत घेतले होते. पहिल्याच हंगामात मानेला झालेल्या दुखापतीने त्याची कारकीर्द संपली. आपल्याला खुल्या बाजारात वाटाघाट करता आली असती, तर अशा आपत्तीसाठी अधिक भक्कम करार करून घेता आला असता, असे त्याचे म्हणणे होते. १९७६ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि १९६८ साली जसा ड्राफ्ट होता तो स्पर्धेला अवाजवी अटकाव करणारा आहे, असे १९७८ साली वरिष्ठ न्यायालयानेही मानले. तोपर्यंत लीग व खेळाडूंची संघटना यांच्यात १९७७चा करार झाला होता. सामूहिक कराराने मान्य केलेली अट म्हणून ड्राफ्ट टिकून राहिला. आजही तो त्याच पायावर उभा आहे. गंमत अशी की, सात फेऱ्यांत ज्याला कोणीच घेत नाही, त्यालाच कोणत्याही संघाशी बोलण्याची मोकळीक मिळते.

शौकिनाने ‘हा वाया गेला’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे. मँडरिचने आपल्याला दुसऱ्या क्रमांकावर घ्या असा अर्ज केला नव्हता. लव्हनेही रॉजर्सची जागा मागितली नव्हती. जी किंमत निवडणाऱ्याने लावली, तिचे ओझे निवडलेल्याच्या डोक्यावर ठेवणे अन्यायाचे होय.

हिशेबाचा हक्क

गेल्या वर्षी वारे फिरले. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच गावात भरलेल्या ड्राफ्टमध्ये पॅकर्सनी तेविसाव्या क्रमांकावर मॅथ्यू गोल्डन या रिसीव्हरला घेतले, आणि तेवीस वर्षांची तक्रार मिटली. ऑगस्टमध्ये तर त्यांनी डॅलसकडून मायका पार्सन्स या बचावपटूला आणले. त्याच्यासाठी केनी क्लार्क हा अनुभवी खेळाडू आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी दिल्या; शिवाय चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. वर्षानुवर्षे उद्यासाठी साठविणाऱ्या घराने एकदम आजसाठी तिजोरी उघडली. गावाने जल्लोष केला. डिसेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने पार्सन्सचा हंगाम अर्ध्यावरच संपला.

यावरून उधळपट्टी वाईट व काटकसर चांगली, असा बोध काढण्याची घाई करू नये. २०२० साली उद्याला दिलेले झुकते माप आणि २०२५ साली आजला दिलेले झुकते माप, दोन्ही पैजाच होत्या, आणि दोन्हींच्या मागे अनिश्चितता सारखीच उभी होती. फरक इतकाच की, पहिल्या पैजेत आजच्या प्रेक्षकाकडून घेतले गेले आणि दुसरीत उद्याच्या प्रेक्षकाकडून. दोन्ही वेळा घेणारा एकच होता, आणि देणाऱ्याला विचारण्यात आले नव्हते.

निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावेत; पण ज्या तज्ज्ञतेचा अंदाज निम्म्याहून थोडाच अधिक वेळा खरा ठरतो, तिने नम्र असावे. पॅकर्स हा लीगमधील असा एकमेव संघ आहे की, जो आपले जमाखर्च दरवर्षी लोकांपुढे मांडतो. पैशाचा हिशेब जेथे मांडला जातो, तेथे निवडींचाही मांडता येईल. पाच वर्षांपूर्वी कोणाला घेतले, का घेतले, तेव्हा काय अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय घडले, याचा सरळ आढावा वार्षिक सभेपुढे ठेवल्याने प्रतिस्पर्ध्याला कोणतेही गुपित कळणार नाही. भागधारकाला मात्र आपल्या संयमाचे काय झाले ते कळेल. लाभांश न मागणाऱ्या मालकाला एवढे तरी देणे ही मेहरबानी ठरणार नाही. ते त्याचे येणेच आहे.